कुंडीतल्या बागेचे शब्द: मुंबईच्या बाल्कनी, ग्रील आणि गच्चीसाठी

गच्चीमाळी

नर्सरीवाला सांगतो, "निचऱ्याची माती घ्या, अर्धसावलीत ठेवा, शेंडा खुडत राहा." बियाण्याच्या पाकिटावर छापलेलं असतं, "पुनर्लागवड २५ दिवसांनी". शब्द ओळखीचे वाटतात, पण घरी आल्यावर नेमकं काय करायचं ते उमगत नाही. म्हणून हा धागा. एकेक शब्द घेऊ आणि त्याचा अर्थ, कृती, प्रमाण, शिवाय तिथे काय बिघडतं तेही लिहू. फक्त मुंबईपुरतं बोलू: चार महिने पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा, जेमतेम हिवाळा आणि बहुतेकांकडे जमीन नाहीच.

सुरुवात निचरा आणि वाफसा या दोन शब्दांनी करतो, कारण कुंडीतली बहुतेक झाडं याच ठिकाणी मरतात.

निचरा म्हणजे दिलेलं जास्तीचं पाणी कुंडीतून वेळेत बाहेर पडणं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरून कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग माती ओली असूनही पानं मलूल होतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, तो आणखी पाणी घालतो. पानं मलूल आणि कुंडी उचलायला हलकी असेल तर पाणी द्या. पानं मलूल आणि कुंडी जड असेल तर पाणी पूर्ण बंद करा, झाड सावलीत घ्या आणि तळाची भोकं तपासा.

१२ इंची कुंडीला बोटाच्या जाडीची निदान ४ ते ५ भोकं हवीत. प्लॅस्टिकच्या बऱ्याच कुंड्यांना भोकांच्या जागी नुसत्या खुणा असतात, त्या ड्रिलने किंवा तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने उघडाव्या लागतात. कुंडी थेट लादीवर ठेवली की भोकं लादीला चिकटून बंद होतात, म्हणून खाली फरशीचे तीन तुकडे द्या. भरलेल्या कुंडीत लिटरभर पाणी ओता. मिनिटाभराने पाणी अजून वर साचलेलंच असेल तर माती घट्ट आहे.

वाफसा म्हणजे माती ओलसर आहे पण चिकचिकीत नाही अशी स्थिती. मूठभर माती दाबा. लाडू वळला पाहिजे, अंगठा लावल्यावर फुटला पाहिजे आणि बोटांतून पाणी निथळता कामा नये. कुंडी भरणं, रोप लावणं, खुरपणं ही सगळी कामं वाफशावर करायची. चिखलात खुरपी चालवली की माती वाळल्यावर वीट होते.

विंडोग्रील

छान धागा. कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा दोन इंच थर घालावा का? नर्सरीत सगळे तसंच सांगतात.

मुळाक्षर

थर घालू नका. भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा चौकोन, म्हणजे माती वाहून जात नाही. तेवढंच पुरतं.

बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. मातीचा सगळ्यात खालचा भाग पूर्ण भिजून तुडुंब झाल्याशिवाय थेंब खडीत पडत नाही. ओला स्पंज पाण्याबाहेर धरला की वरचा भाग कोरडा होतो, पण खालच्या कडेला पाणी धरून राहतं, तसंच कुंडीच्या तळाशी होतं. हा कायम ओला पट्टा खडी घातली तरी जात नाही, फक्त दोन इंच वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. ८ इंची कुंडीत दोन इंच खडी म्हणजे पाव उंची वाया. निचरा सुधारायचा तर संपूर्ण मिश्रण भरड करावं लागतं.

गच्चीमाळी

लहान कुंडीसाठी पूर्ण सहमत. दीड-दोन फूट खोल ड्रममध्ये लोक तळाला नारळाच्या शेंड्या घालतात ते वजन आणि मातीचा खर्च कमी करण्यासाठी. त्याला हरकत नाही, मात्र शेंड्या कुजत जातात तशी माती खाली बसते. वर्षभरात वरून सहा इंचांपर्यंत मिश्रण घालावं लागेल हे धरून चाला, आणि असं ड्रम आंबा, लिंबू अशा कायमच्या झाडाला वापरू नका. झाड मातीबरोबर खाली जातं आणि कलमाचा सांधा मातीत बुडतो.

रानजाई

माती, पोयटा, मिश्रण हे शब्द मी घेते.

मुंबईत रस्त्याकडेला गोणीतून मिळते ती लाल माती. तिच्यात अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद आहे, पण निव्वळ लाल माती कुंडीत चार पावसांत दगडासारखी आवळते. पोयटा म्हणजे नदीकाठची गाळाची भुसभुशीत माती. ती खरी मिळाली तर उत्तम, पण गोणीवर नाव पोयटा आणि आत खोदकामाची माती असाही प्रकार चालतो. एक चमचा माती ग्लासभर पाण्यात ढवळून तासभर ठेवा. तळाला वाळूचा थर, त्यावर गाळ आणि पाणी थोडं गढूळ दिसलं तर ठीक. सिमेंटचे कण, चुन्याचे खडे दिसले तर ती माती घेऊ नका.

मिश्रण मापाने करा, वजनाने नाही. एकच डबा माप म्हणून धरायचा:

माती ३ डबे, धुतलेलं कोकोपीट ३ डबे, चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत ३ डबे, भरड वाळू किंवा भाताचं तूस १ डबा. १२ इंची कुंडीमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड. मे महिन्यात कुंडी भरत असाल तर कोकोपीट एक डबा कमी करून तेवढी वाळू वाढवा, कारण पुढचे चार महिने ते मिश्रण सुकणारच नाही. समुद्रावरची वाळू कधीही नको, तिच्यातलं मीठ मुळांना भाजतं.

कोकोपीट म्हणजे काथ्या काढल्यावर उरलेला नारळाच्या शेंड्यांचा भुसा. ५ किलोची वीट भिजून साधारण ६० ते ७० लिटर होते, तिला २०-२५ लिटर पाणी लागतं. स्वस्त विटांत क्षार फार असतात. भिजवून गोणपाटावर किंवा जुन्या साडीवर टाका, वरून पाणी सोडा आणि पिळा. तपकिरी गडद पाणी फिकट चहाच्या रंगाचं होईपर्यंत दोन-तीनदा. न धुता वापरलं की कोवळ्या रोपांची पानं कडेने करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं हेही लक्षात ठेवा.

वजनाचं बोलायलाच हवं. १२ इंची कुंडीत १२ ते १५ लिटर माल मावतो. निव्वळ माती भिजल्यावर तीच कुंडी २० ते २५ किलो भरते, वरच्या मिश्रणाची १२ ते १५ किलो. खिडकीच्या ग्रीलवर सहा कुंड्या ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार करावा, ग्रीलचे बोल्ट गंजलेत का ते पावसाआधी बघावं आणि कुंड्या तारेने बांधाव्यात. खालून माणसं जातात. गच्चीवर कुंड्या तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेत ठेवाव्यात, स्लॅबच्या मधोमध रास नको.

विंडोग्रील

नर्सरीतून आणलेलं गुलाबाचं झाड घट्ट मातीच्या गोळ्यात आहे. तो गोळा फोडायचा की तसाच लावायचा?

मुळाक्षर

याला मुळांचा गोळा म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत.

पहिला, मुळांनीच भरलेला गोळा. कुंडी छोटी पडली की मुळं कडेने गोल गोल फिरतात. कुंडी बदलताना तळाची गुंडाळी बोटांनी सैल करा, सुटत नसेल तर गोळ्याच्या चार बाजूंना वरून खाली इंचभर खोल उभे काप द्या. न सोडवता लावलं तर मोठ्या कुंडीतही मुळं त्याच वर्तुळात फिरत राहतात आणि झाड वर्षभर जागचं हलत नाही.

दुसरा, तुमच्या गुलाबाचा, म्हणजे चिकणमातीचा लिंपलेला गोळा. लांबून येणाऱ्या झाडांना प्रवासात ओल टिकावी म्हणून तो केलेला असतो. बाहेर भुसभुशीत मिश्रण आणि आत हा गोळा अशी जोडी झाली की पाणी बाहेरून निघून जातं आणि गोळा एक तर आत कोरडा ठणठणीत राहतो किंवा महिनाभर ओलाच. कृती अशी: झाड आणल्यावर आठ-दहा दिवस पिशवीतच उजेडी सावलीत ठेवा, हवा बदलू द्या. मग पिशवी कापा, गोळा बादलीत अर्धा तास बुडवा, बाहेरचा एक-तृतीयांश थर बोटांनी हलकेच निघू द्या. खोडाजवळचा भाग छेडू नका, तिथेच बारीक पांढरी मुळं असतात. नवी कुंडी जुन्या गोळ्यापेक्षा चारी बाजूंनी दोनच इंच मोठी घ्या. एकदम मोठ्या कुंडीत मुळांचा हात पोचत नाही ती माती ओलीच राहते आणि आंबते. वर कडेपासून दीड इंच मोकळं सोडा, पाणी थांबायला जागा लागते. लावल्यावर भरपूर पाणी, चार-पाच दिवस सावली आणि तीन आठवडे खत बंद.

पश्चिम_बाल्कनी

आता ऊन. पूर्ण ऊन म्हणजे थेट किरणं रोज ६ तास किंवा जास्त. अर्धसावली म्हणजे ३ ते ५ तास, शक्यतो सकाळची. उजेडी सावली म्हणजे थेट किरण नाही, पण दिवा न लावता दिवसा वाचता येईल इतका उजेड. टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, मोगरा, झेंडू यांना पूर्ण ऊन. पालक, पुदिना, कोथिंबीर, अळू अर्धसावलीत चालतात. मनीप्लांट, स्नेक प्लांट, नेचे उजेडी सावलीत.

मुंबईत एक गोष्ट फार कमी लोक मोजतात. आपण १९ अंश उत्तरेला आहोत. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून एरवी ऊन न येणारी उत्तरेची खिडकी मेमध्ये तापते. उलट दक्षिणेच्या बाल्कनीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य तिरका येतो आणि थेट आतपर्यंत ऊन शिरतं. टोमॅटो, शेवंती, पिटुनिया यांचा हंगामही तोच. दक्षिणेची बाल्कनी असलेल्यांनी भाजीचा मुख्य हंगाम हिवाळाच धरावा. पश्चिमेचं ऊन दुपारनंतरचं आणि कडक, एप्रिल-मेमध्ये तिथे ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी लागते.

समोर टॉवर असेल तर दिशेवरून काही ठरत नाही. सकाळी ८ पासून दर तासाला मोबाइलवर फोटो काढा, डिसेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा. तासांची बेरीज हाच तुमचा आकडा.

अळूवडी

टोमॅटोला फेब्रुवारीनंतर फुलं येतात आणि गळतात. ऊन ८ तास आहे. खत कमी पडतंय का?

पश्चिम_बाल्कनी

खत नाही, रात्रीचं तापमान. रात्र २२-२३ अंशांच्या वर राहू लागली की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत, फळधारणा होत नाही आणि फूल देठापासून गळतं. मुंबईत मार्चपासून रात्री तेवढ्या तापतातच. बी ऑगस्टच्या अखेरीस ते सप्टेंबरात टाका, रोप ऑक्टोबरमध्ये मोठ्या कुंडीत जाऊ द्या, फळं डिसेंबर ते फेब्रुवारी घ्या. उन्हाळ्यात त्याच कुंडीत भेंडी, गवार, चवळी लावा, त्यांना उकाडा सोसतो.

निंबोळी

बी ते रोप या टप्प्याचे शब्द लिहिते.

पेरणीची खोली: बीच्या जाडीच्या दोन ते तीन पट, जास्त नाही. तुळशीचं, राजगिऱ्याचं बी वर भुरभुरून नुसतं दाबायचं. भोपळ्याचं, कारल्याचं बी इंचभर खाली, टोकदार बाजू खाली किंवा आडवं. कारल्याची साल जाड, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. धणे रगडून दोन भाग करा, प्रत्येक भागातून एक रोप निघतं. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, पाचव्या दिवशी उकरून बघू नका.

रोपं कोलमडणे: दोन पानांची रोपं एका रात्रीत जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. मातीतल्या बुरशीमुळे हे होतं, आणि दाट पेरणी, सतत ओल, कोंदट हवा यांनी ते वाढतं. जून-जुलैमध्ये मुंबईत हमखास. उपाय आधीच करायचा असतो: रोपाच्या ट्रेमध्ये कच्चं कंपोस्ट घालू नये, पाणी खालून बशीतून द्यावं आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करावी, रोपांवरून वारा फिरू द्यावा. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर किलोभर मिश्रणाला ५ ग्रॅम मिसळली तर फायदा होतो. पडलेली रोपं वाचत नाहीत, ती आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका.

विरळणी: दाट उगवलेल्यातली अशक्त रोपं काढणं. मुळा, गाजर, बीट यांत ही टाळली तर खाली कंद धरतच नाही. मुळ्यात दोन रोपांत तीन-चार इंच अंतर हवं. उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा, शेजारच्याची मुळं हलत नाहीत. कापलेला पाला आमटीत जातो.

कणखर करणे: सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं की पानं पांढरी पडून भाजतात. पहिले दोन दिवस सकाळचं तासभर ऊन, मग रोज तासभर वाढवत आठवड्यात पूर्ण ऊन. पाणी थोडं कमी.

पुनर्लागवड: खरी पानं ४-५ आल्यावर, संध्याकाळी, वाफशावर. दोन दळदार कोवळी पानं आधी येतात ती धरायची नाहीत, त्यानंतरची मोजायची. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोल लावा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. बाकीची रोपं होती तेवढ्याच खोलीवर. मुळा आणि गाजर यांची पुनर्लागवड करू नका, मूळ वाकडं होतं.

विंडोग्रील

डेंगळे म्हणजे काय? कोथिंबिरीबद्दल वाचलं.

निंबोळी

पानं द्यायची सोडून झाडाने फुलाचा दांडा वर काढणं. कांदा, मुळा, पालक, कोथिंबीर सगळ्यांत होतं. कोथिंबिरीत उष्णता आणि पाण्याचा ताण ही मुख्य कारणं. दांडा खुडून काही साधत नाही, पानं परत रुंद येत नाहीत. त्या कुंडीतली फुलं राहू द्या, परागीभवनाचे किडे येतात. मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी थोडीथोडी पेरा, एकदम सगळी नको.

मुळाक्षर

खताच्या गोणीवरच्या तीन आकड्यांबद्दल. १९:१९:१९ म्हणजे शंभर किलोत १९ किलो नत्र (नायट्रोजन), १९ किलो स्फुरद (फॉस्फरस), १९ किलो पालाश (पोटॅशियम). स्फुरद आणि पालाश त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात. नत्र पानाला, स्फुरद मुळाला आणि फुलाच्या तयारीला, पालाश फळाला आणि झाडाच्या काटकपणाला, हा ढोबळ हिशेब. कुंडीला लिटरभर पाण्यात १ ग्रॅम विरघळवून, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीवर. कोरड्या मातीवर खताचं पाणी ओतलं की मुळं भाजतात. ज्या झाडाला नुसता पाला भरपूर आणि फूल नाही, त्याचं नत्र थांबवा.

गांडूळखतात नत्र एक ते दीड-दोन टक्केच असतं. ते मुख्यतः माती सुधारतं, आणि मूठभर टाकून गुलाबाची भूक भागत नाही. १२ इंची कुंडीला महिन्याला २०० ग्रॅम, वरची इंचभर माती मोकळी करून तिच्यात मिसळा. निंबोळी पेंड दीड महिन्याने ३०-५० ग्रॅम.

कमतरता ओळखताना आधी पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते बघा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी: नत्र कमी, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोह मिळत नाही, कारण लोह झाडाला हलवता येत नाही. आपल्याकडे दुसरा प्रकार बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर जास्त दिसतो. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, पण कठीण पाण्याने मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम पानांवर फवारा, आठवड्याने परत. शक्य तिथे पावसाचं पाणी द्या.

कुंडीच्या कडेला पांढरी पपडी आणि पानांची टोकं तपकिरी हे क्षार साचल्याचं लक्षण. पपडी खरवडून काढा आणि कुंडीच्या आकाराच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून खालून जाऊ द्या. त्यानंतर दोन आठवडे खत नाही.

अळूवडी

स्वयंपाकघरातलं कंपोस्ट घालते, तरी झाडं पिवळी पडतात. का?

रानजाई

कच्चं असणार. न कुजलेला पदार्थ मातीत गेला की तो कुजवणारे जीवाणू आसपासचं नत्र आधी स्वतःला घेतात, झाड उपाशी राहतं. शिवाय त्याची उष्णता मुळांना लागते. तपासायला मूठभर ओलसर कंपोस्ट झिपच्या पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा नासका वास आला तर ते तयार नाही. तयार कंपोस्टला पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास येतो, आणि त्यात मूळ भाजी ओळखू येत नाही.

बादलीत एक भाग ओला कचरा आणि दोन-तीन भाग सुका पाला किंवा कोकोपीट, मापाने. सुका पाला हा कर्ब (कार्बन), ओला कचरा हे नत्र. दुर्गंधी आणि काळा रस म्हणजे सुका कमी पडलाय. काहीच होत नाही आणि कचरा कोरडा म्हणजे पाणी कमी. आपल्या रस्त्यांवरच्या वर्षावृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पानं कापावी लागत नाहीत, झाडलोट करणाऱ्यांना सांगून गोणी भरून ठेवा. आठवड्यातून एकदा वरखाली करा. दीड-दोन महिने कुजवल्यावर आणखी पंधरा-वीस दिवस पसरून मुरू द्या, मग चाळा.

मोगरा_दादर

छाटणीचे शब्द. शेंडा खुडणे म्हणजे वाढीचं टोक नखाने काढणं. टोक असेपर्यंत ते खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. ते गेलं की बगलेतून दोन फुटवे येतात. तुळस, शेवंती, झेंडू ६ ते ८ इंच झाल्यावर खुडा. शेवंतीचं खुडणं ऑगस्टअखेर थांबवा, नाहीतर कळी लांबते.

डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला फुटवा. काप डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता. डोळा झाडाच्या बाहेरच्या दिशेचा निवडा, म्हणजे झाड आतून मोकळं राहतं आणि वारा खेळतो. मुंबईच्या दमट हवेत आतून दाट झालेल्या गुलाबावर काळे ठिपके थांबत नाहीत. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस गेल्यावर ऑक्टोबरमध्ये. मोगऱ्याची जानेवारीत: आठवडाभर पाणी तोडा, निम्मी उंची कापा, पानं काढा, मग शेणखत आणि पाणी. मार्चपासून कळ्या दिसतात. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, न छाटलेला लांब वेलासारखा वाढतो आणि फूल एखादंच.

खुंटावरची फूट हाही शब्द शिकून घ्या. गुलाब, आंबा, लिंबू बहुतेक कलमी असतात: खालचा रानटी खुंट, वरती हवी ती जात. सांध्याच्या खालून आलेली फूट खुंटाची असते. ती जोमाने वाढते आणि वरची जात उपाशी मारते. कापायची नाही, जोडावरून खाली ओढून मुळासकट उपसायची. पानं मोजून ओळखण्यापेक्षा फूट कुठून निघालीय ते माती सारून बघा. सांधा कायम मातीच्या दोन-तीन इंच वर ठेवा.

अळूवडी

गुटी आणि छाट कलमात फरक?

मोगरा_दादर

छाट म्हणजे फांदी कापून मातीत लावणं. गुटी म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं आणणं.

छाट: पेन्सिलीच्या जाडीची ६ इंच फांदी, तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोन पानं अर्धी कापून बाकी काढा. निम्मं कोकोपीट आणि निम्मी वाळू यात दोन डोळे पुरा. उलटी लावली तर मुळं येत नाहीत, म्हणून खालचा काप तिरका आणि वरचा सपाट ठेवायची सवय करा. जास्वंद, तगर, मोगरा जून-जुलैमध्ये सहज लागतात.

गुटी: पावसाच्या सुरुवातीला, लिंबू, जाम, पेरू, डाळिंबावर. पेन्सिलीएवढ्या फांदीवर इंचभर रुंद सालीचं कडं काढा आणि खालचा हिरवट बुळबुळीत थर पात्याने खरवडा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत, गुटी फसते ती बहुतेकदा इथेच. वरच्या काठाला मुळं फुटण्याचं संप्रेरक लावा, भिजवून पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) मूठभर बांधा, पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने घट्ट करा. महिना-दोन महिन्यांत आतून मुळं दिसतात. ती पांढरी असताना कापू नका, तपकिरी होऊ द्या. कापल्यावर निम्मी पानं काढून पंधरा दिवस सावलीत.

विंडोग्रील

जास्वंदीवर कापसासारखं पांढरं आणि मुंग्या. मुंग्यांची पावडर टाकू?

निंबोळी

तो पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्या चिकट्यासाठी त्याला सांभाळतात आणि एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. नुसत्या पावडरीने पिठ्या जात नाही.

आधी जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. उरलेलं जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने, जुन्या टूथब्रशने काढा. मग ५ मिली नीमतेलात २ मिली पातळ साबण आधी घोटा, पांढरं दूध झालं की हळूहळू लिटरभर कोमट पाणी घाला. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं आणि जिथे पडेल तिथे पान भाजतं. सूर्यास्ताच्या सुमारास पानांच्या खालच्या बाजूला फवारा, मिश्रण त्याच दिवशी संपवा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा, कारण अंड्यातून नवी पिल्लं निघत राहतात. आधी दोन पानांवर करून दुसऱ्या दिवशी बघा. मुंग्यांसाठी कुंडीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचे तर वाटीत साबणाचे थेंब घाला.

इतर कीड थोडक्यात. मावा: कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे दाणे, हाच उपाय. कोळी (घरात जाळं विणणारा नव्हे, झाडावरची बारीक कीड): एप्रिल-मेमध्ये पानावर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळं, त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून रोज पानांच्या खालून पाणी मारा. भुरी: पानावर पावडरीसारखा थर, हिवाळ्यात काकडी-भोपळ्यावर, पान काढा आणि वारा वाढवा.

गच्चीमाळी

थाळीबद्दल पावसाआधी सगळ्यांनी वाचाच. कुंडीखालच्या थाळीत साचलेलं पाणी मुळांना वाईट आहेच, शिवाय डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी ओतलं तरी अंडी थाळीच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून आठवड्याला एकदा काथ्याने घासून वाळवा. जून ते सप्टेंबर थाळ्या काढूनच ठेवणं बरं. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी तपासायला येतात, पण तपासणी नसली तरी हे करायचंच.

आच्छादन म्हणजे मातीवर सुक्या पाल्याचा दीड-दोन इंच थर. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये पाणी निम्म्यावर येतं. खोडाभोवती दोन बोटं मोकळी ठेवा. पावसाळ्यात थर काढा, खाली गोगलगायी जमतात.

अळूवडी

दुधीला फुलं भरपूर, पण बारीक दुधी पिवळी पडून गळतात.

पश्चिम_बाल्कनी

परागीभवन होत नाहीये. नर फुलाचा देठ नुसता असतो, मादी फुलाच्या मागे छोटा दुधी असतो. पहिले काही दिवस नर फुलंच येतात, तो दोष नाही. उंच मजल्यावर किडे कमी पोचतात, म्हणून हाताने करा: ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर चोळा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. वेळ मात्र पिकाप्रमाणे: दुधी आणि शिराळं संध्याकाळी उमलतात, भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं सकाळी. दुधीला सकाळी परागीभवन करून उपयोग होत नाही, फूल मिटलेलं असतं.

वेल सहा-सात पानांचा झाला की शेंडा खुडा. बगलफुटींवर मादी फुलं जास्त येतात. कुंडी २० लिटरपेक्षा लहान नको, आणि एका वेळी दोन-तीनच फळं ठेवा.

विंडोग्रील

शेवटची शंका. पाकिटावर एफ-१ लिहिलंय. या टोमॅटोचं बी पुढच्या वर्षी वापरता येईल का?

मुळाक्षर

एफ-१ म्हणजे दोन निवडक जातींच्या संकराची पहिली पिढी. तिचं बी उगवतं, पण रोपं सारखी निघत नाहीत, कुणाला फळ लहान, कुणाची रोगप्रतिकारशक्ती कमी. बी ठेवायचं असेल तर सुधारित किंवा देशी सरळ वाणाचं पाकीट घ्या. टोमॅटो, वाल, चवळी यांत बहुतांश स्वपरागीभवन होतं, म्हणून वाण टिकतो. भोपळावर्गीयांत शेजारच्या जातीचे पराग येतात, तिथे फुलाला आदल्या दिवशीच कागदी पिशवी बांधावी लागते.

टोमॅटो झाडावर पूर्ण पिकू द्या. गर आणि बी दोन दिवस वाटीत आंबवा, बीवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. धुवून सावलीत स्टीलच्या ताटात वाळवा, कागदावर चिकटतं. मुंबईच्या दमट हवेत उघड्या पुडीतलं बी पावसाळाभरात निकामी होतं. काचेच्या बरणीत सिलिका जेलची पुडी किंवा कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ दोन चमचे कापडात बांधून ठेवा, बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वर वाण आणि वर्ष लिहून. बाहेर काढल्यावर बरणी दोन-तीन तास तशीच बंद राहू द्या. थंड असताना उघडली तर हवेतली वाफ थेट बियांवर बसते. पेरणीआधी दहा बिया ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा. आठ दिवसांत सात-आठ फुटल्या तर नेहमीसारखं पेरा, चार-पाचच फुटल्या तर दुप्पट बी टाका, त्याखाली असेल तर नवं पाकीट घ्या.